तिच्या तोंडी माझा आवाज

गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीचा मेसेज आला. नुसती एक लिंक आणि खाली दोन शब्द, "बघ, आपण." मी कुपवाडला एका फाउंड्रीत काम करते, धातू तपासायच्या लॅबमध्ये. डबा उघडलेला होता, उजव्या हाताला मसाला लागलेला, म्हणून डाव्या अंगठ्याने ती लिंक उघडली. आधी आमची कराडची शाळा दिसली. मग शाळेच्या पायऱ्या, आणि पायरीवर दप्तर मांडीत घेऊन बसलेली माझी मैत्रीण, सहावीतली, दोन वेण्यांची. तिने तोंड उघडलं आणि माझा आवाज आला.

शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, साउथचा पिक्चर काय?"

"न्हाई गं, कराडचा," मी म्हटलं, आणि भाजी तशीच राहिली.

चाळीसेक मिनिटांचा मुलांचा सिनेमा आहे तो. आम्ही सहावीत असताना पुण्याच्या एका ताईने आमच्या शाळेत येऊन केला होता. कुठे कुठे दाखवला म्हणे, नंतर तिच्याकडे नुसता पडून होता, आता तिने इंटरनेटवर टाकला. गोष्ट साधी आहे. तमिळनाडूतून एक माणूस कराडला येऊन इडलीचा गाडा टाकतो. त्याची मुलगी मराठी शाळेत जाते. तिला भाषा येत नाही, मधल्या सुट्टीत कुणी तिच्याजवळ बसत नाही, आणि ती गावाकडे आईला फोन करून सांगते की इथे सगळं छान आहे. मुलीचा चेहरा माझ्या मैत्रिणीचा आणि आवाज माझा, हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझं एक खोटं सांगायला हवं. चांगलं दोन वर्षं पोसलेलं खोटं होतं ते.

आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात. पावसाचं आणि आमच्या गावाचं कधी फारसं जमलं नाही. म्हणून आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात पडली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि चोख करून द्यायचं. देशात जिथे सराफ बाजार आहे तिथे मागच्या एखाद्या बोळात आमच्याकडच्या कुणाची तरी भट्टी धडधडत असते. गावात घरांना त्या त्या शहरांची नावं पडली आहेत. ते कलकत्तेवाले, ते अमृतसरवाले, आम्ही कारैकुडीवाले. कारैकुडी हे तमिळनाडूतलं गाव, माझा जन्म तिथला. आणि कारैकुडीत आम्ही कोण? तर 'मराठी सेट', म्हणजे शेठ. जिथे राहतो त्या गावाचं नाव आम्हाला कधी लागत नाही, नेहमी दुसऱ्या गावाचंच लागतं. लहानपणी मला ह्याचा फार राग यायचा. अजून थोडा येतो.

कारैकुडीत आमची खोली दुकानाच्या वरच होती. जिन्यात अ‍ॅसिडचा वास असायचा, नाकाला झोंबणारा, आणि मला तो घराचा वास वाटायचा. खालच्या भट्टीत अप्पा मूस ठेवायचे. मूस म्हणजे ज्यात सोनं वितळतं ते मातीचं भांडं. ते लालभडक झालं की "आता बघ" म्हणून मला हाक मारायचे, आणि मी पायरीवरून वाकून बघायची. त्यांच्या बोटांची टोकं अ‍ॅसिडने कायमची पिवळी पडली होती. समोरच्या घरात दुकानाची मालकीणबाई राहायची. तिला मी अक्का म्हणायचे. तिच्या ओट्यावर बसून मी तमिळ शिकले, म्हणजे शिकले असंही नाही, ते आपोआप तोंडात आलं. घरात मराठी, ओट्यावर तमिळ. दोन्हींच्या मध्ये एक बोळ, एवढंच अंतर होतं.

वर्षातून एकदा चैत्रात यात्रेला आम्ही गावी यायचो. तिथे लपाछपीत माझ्यावर राज्य आलं की मी डोळे झाकून आकडे म्हणायचे, ओन्नु, रेंडु, मूणु, आणि चुलत भावंडं लपायचं सोडून पोट धरून हसायची. "ए मद्राशीण, परत मोज की!" एका वर्षी अप्पांनी ते पाहिलं. परत जाताना गाडीत ते आईला म्हणाले, "पोरगी ना हितली ऱ्हायली, ना तिथली व्हनार. हिला मराठी साळंत घालायची." पुढच्या जूनमध्ये मी आणि आई कराडला दोन खोल्या घेऊन राहिलो, मामाच्या घराजवळ. अप्पा भट्टीपाशी एकटेच राहिले.

पाचवीच्या पहिल्या दिवशी बाकावरच्या मुलीने विचारलं, "तुझे पप्पा कुठं असतात?"

"लांब."

"कवा येतात?"

"वर्षातनं एकदा."

"मिलिटरीत हायत?"

मी मान हलवली. एवढंच. त्या वर्गात अर्ध्या मुलींचे वडील मिलिटरीत होते. लांब असणारा आणि वर्षातून एकदा येणारा बाप म्हणजे फौजी, हे तिथे इतकं सरळ होतं की मला काही रचावंही लागलं नाही. तिने खुशीत मिलिटरी कॅन्टीनच्या बिस्किटांचा पुडा पुढे केला. तिचे वडीलही मिलिटरीत, वरती थंडीत कुठेतरी. आम्ही मैत्रिणी झालो, त्या एका हललेल्या मानेवर.

मग खोटं वाढत गेलं. पोस्टिंग कुठं? साउथला. रँक? आधी हवालदार म्हणाले. सहावीत गेल्यावर वाटलं वर्ष झालं, बढती द्यायला हवी, म्हणून त्यांना सुभेदार केलं. सरकारला लागतो त्यापेक्षा कितीतरी कमी वेळ मला लागला. आईला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. शाळेत ती फारशी यायची नाही, आणि वर्गातल्या मुली आमच्या घरी येणार नाहीत ह्याची मी डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यायचे. तमिळ तर मी पूर्ण बंद केलं. अप्पा फोनवर गमतीने तमिळमध्ये "जेवलीस का?" विचारायचे, मी मराठीत उत्तर द्यायचे. वर्गातली मुलं स्टेशनजवळच्या इडलीवाल्याची नक्कल करायची, त्यात मीही हसायचे. हे लिहिताना आजही कसंतरी होतं.

पण सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच आहे. एकदा टीव्हीवर सीमेवर गोळीबार झाल्याची बातमी आली आणि मैत्रिणीच्या वडिलांचा फोन दोन दिवस लागेना. शाळा सुटल्यावर ती माझा हात धरून मारुतीच्या देवळात घेऊन गेली. पिशवीतून तिने दोन नारळ काढले. "एक माझ्या पप्पांचा, एक तुझ्या," ती म्हणाली. मी डोळे मिटून हात जोडले. त्या वेळी अप्पा कारैकुडीत सांबारभात खाऊन दुकानातल्या फळीवर आडवे झाले असतील.

तिच्या वडिलांचा फोन तिसऱ्या दिवशी आला. ती वर्गात येऊन मला मिठी मारून रडली आणि मीही रडले, खरंखुरं. का ते तेव्हा कळलं नाही.

सहावीच्या दिवाळीनंतर सिनेमावाली ताई आली. जीन्स, खांद्याला झोळी, वहीत सारखं काहीतरी खरडायची. तिने गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तमिळ येतं का इथे कुणाला? थोडंसं तरी?" वर्ग हसला. माझा हात बाकाखाली होता, मी दुसऱ्या हाताने तो दाबून धरला. खरंच धरला, नाहीतर तो वर गेला असता. ताई सगळ्यांकडे नीट बघत फिरली आणि माझ्या मैत्रिणीपाशी थांबली. मोठे डोळे, सावळा रंग, लांब केस. "ही अगदी तिकडचीच वाटते," ताई म्हणाली. मैत्रिणीच्या सात पिढ्या कोयनेकाठच्या. तिकडची होती ती मी, पण मी आईवर गेलेली, गोरी, बसक्या नाकाची, म्हणून ताईच्या हिशेबात मी अस्सल कराडची. मला हायसं वाटलं आणि अपमानही वाटला, दोन्ही एकदम.

मैत्रिणीला तमिळ वाक्यं देवनागरीत लिहून दिली होती. ती घोकायला तिला कुणीतरी ऐकणारं हवं होतं. एका रविवारी तिने मला न विचारता सरळ आमचं घर गाठलं. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मैत्रीण पाढे म्हणावेत तशी ती वाक्यं म्हणत होती, सगळी एका सुरात, आणि मी भिंतीकडे बघत बसले होते. दात घट्ट आवळून. चौथ्यांदा तेच वाक्य तसंच आल्यावर आईचा धीर सुटला.

"अगं, तू का सांगत न्हाईस तिला?" ती आतून म्हणाली. "तुला येतंय की. जल्मलीस तिथं."

भाकरी थापायचा आवाज चालूच होता. मैत्रिणीने हातातला कागद खाली ठेवला.

"कुठं जल्मली, काकू?"

"कारैकुडीला. हिच्या अप्पांची गलाईची भट्टी हाय न्हवं तिकडं. सांगितलं न्हाई व्हय हिनं?"

मला वाटलं आता ती खोटारडी म्हणेल. सगळ्या वर्गाला सांगेल. मी त्याचीच तयारी करून बसले होते. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे तुझ्या पप्पांना कुणी गोळी घालनार न्हाई."

मी तिचा कागद उचलून तिच्यापुढे धरला.

"मी तुझ्यासाठी पन नारळ फोडला हुता," ती म्हणाली, चपला घातल्या आणि गेली. आई हाताला पीठ तसंच घेऊन दारात आली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही, ते जास्त लागलं. "अप्पांस्नी सांगू नगंस," एवढंच म्हणाली, "लय लागंल त्यास्नी."

मैत्रीण दोन दिवस दुसऱ्या बाकावर बसली. त्या दोन दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की मी तिच्याकडून काय घेतलं होतं. बाप फौजी असणं म्हणजे कॅन्टीनची बिस्किटं आणि सुट्टीवर येताना आणलेली काळी ट्रंक एवढंच मी पाहिलं होतं. त्या सगळ्याच्या खाली जी भीती असते ती तिची एकटीची होती, आणि तिला वाटत होतं की आपण दोघी ती वाटून घेतोय. तिसऱ्या दिवशी ती माझ्या बाकावर आली, दप्तर आपटलं आणि कागद माझ्या पुढ्यात टाकला. "चल, शिकव," ती म्हणाली. "कुनाला सांगनार न्हाई. पन एक दिवस तूच सांगायचंस."

मी शिकवलं. ती बऱ्यापैकी शिकली. शूटिंग झालं, थंडीत, सकाळच्या उन्हात. इडलीच्या गाड्यावर ठेवायला हॉटेलातून आणलेल्या इडल्या दगडासारख्या निघाल्या, तेव्हा आईने न सांगता पातेलं भरून इडल्या करून पाठवल्या, आणि अख्ख्या युनिटने त्या शॉटच्या आधीच फस्त केल्या. ताईने डोक्याला हात लावला. मला ते दिवस आठवले की अजून हसू येतं. किती साधं सगळं होतं. कुणाकडे काही धड नव्हतं, एक कॅमेरा, एक काठीला बांधलेला माइक आणि शाळेने दिलेली सतरंजी, पण सगळे कसे मोठं काहीतरी करत असल्यासारखे पळत होते.

फेब्रुवारीत ताई परत आली, चेहरा उतरलेला. चित्रं उत्तम आलीत, म्हणाली, पण तमिळ ऐकवत नाही. दुसरा आवाज लागेल. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ ताईचा हात धरून तिला कोपऱ्यात नेलं आणि कानात काहीतरी सांगितलं. ताईच्या भुवया वर गेल्या. "हातही वर केला नाहीस गं त्या दिवशी!"

आवाज घेतला तो मामाच्या घरात. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खोलीच्या चारी भिंतींना वाकळा टांगल्या, मामीच्या हातच्या, जुन्या लुगड्यांच्या. मी त्या वाकळांच्या मध्ये स्टुलावर, समोर ताईचा लॅपटॉप, त्यावर मैत्रिणीचं तोंड हलतंय. मैत्रिणीला शिकवताना सुटे शब्दच म्हटले होते, असं मोकळं तमिळ मी दोन वर्षांनी बोलले. पहिलं वाक्य चुकलं. दुसरं आलं. तिसऱ्यानंतर मला थांबवावं लागलं, मी कागदावर नसलेलंही बोलायला लागले होते. कारैकुडीचा बोळ, अक्काचा ओटा, सकाळी दारात घातलेली पांढरी रांगोळी, सगळं कुठेतरी बसून होतं, ते माझ्या तोंडातून बाहेर यायला लागलं. मी रडत होते आणि मला खूप बरं वाटत होतं.

शेवटी फोनचा प्रसंग आला. मुलगी आईला सांगते, अम्मा, इथे मला खूप मैत्रिणी आहेत, तू काळजी करू नकोस. मी ते दु:खी आवाजात म्हटलं. ताई म्हणाली, "असं नाही. ती आईशी खोटं बोलतेय. आईला संशयसुद्धा येता कामा नये. जमेल?"

मैत्रीण वाकळेमागून फिसकन हसली. "तिला न्हाई जमलं तर कुनाला जमंल?" एका फटक्यात जमलं ते मला.

ताईला शेवटी पडद्यावर माझं नाव लिहायचं होतं. मी पाया पडून नको म्हटलं.

सिनेमा शाळेत पहिल्यांदा दाखवायचं ठरलं ते परीक्षेच्या आधी, आणि नेमके तेव्हाच अप्पा यात्रेसाठी आलेले. आईने फोनवर त्यांना सांगून टाकलं होतं की पोरीनं सिनेमात आवाज दिलाय. अप्पांनी नवीन पांढरा शर्ट शिवला होता. शाळेत कधी न आलेले अप्पा आता अख्ख्या शाळेसमोर येणार, आणि शाळेत तर माझे वडील सुभेदार. त्यांना येऊ नका म्हणायची हिंमत झाली नाही, आणि खरं काय ते सांगायचीही झाली नाही.

हॉलच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. अप्पा माझ्या शेजारी बसले, पलीकडे आई. मैत्रीण पडद्यावर बोलायला लागली तसे ते एकदम पुढे झुकले. सिनेमाभर त्यांनी पडद्याकडे फारसं पाहिलंच नाही, मान खाली घालून, डोळे मिटून नुसतं ऐकत राहिले. दोन वर्षं मी त्यांच्याशी तमिळ बोलले नव्हते. त्यांच्या एकट्या खोलीत तो आवाज किती आठवत असेल, हे मला त्या झुकलेल्या मानेवरून कळलं. फोनच्या प्रसंगाला त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मी तो पटकन काढून घेतला, कारण चादरीची एक बाजू सुटून उजेड आला होता आणि मला त्यांची पिवळी बोटं कुणाला दिसायला नको होती.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. ताई म्हणाली, हा आवाज ह्याच शाळेतल्या एका मुलीचा आहे, तिला नाव सांगायचं नाही. मुलं माना वळवून शोधायला लागली. तेवढ्यात मैत्रिणीचे वडील आमच्याकडे आले. तेही सुट्टीवर होते. ताठ चाल, बारीक केस, रापलेला चेहरा. अप्पांना त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला.

"राम राम सुभेदारसाहेब! आमची पोरगी लय सांगती तुमच्याबद्दल. कुठं हाय सध्या युनिट?"

अप्पा गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बोलला असणार. मग अप्पांनी दोन्ही हात मागे बांधले, बोटं मुठीत, आणि पाठ सरळ केली.

"साउथलाच," ते म्हणाले. "सुट्टीवर आलोय."

मैत्रीण वडिलांच्या मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, एकटक. बोल आता, असं म्हणत होती ती नजर. मी खाली बघितलं. तिचे वडील अप्पांच्या मागे बांधलेल्या हातांकडे, ढिल्या पायांकडे एकवार बघून म्हणाले, "बरं, बरं. चला साहेब, च्या घिऊ." पुढे त्यांनी काही विचारलं नाही. खरा फौजी होता तो माणूस. त्याला काय कळलं नसेल?

आई पुढे घरी गेली आणि अप्पा मला घेऊन घाटावर गेले. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात तिथे, पायऱ्यांवर. ऊन कलायला आलं होतं, मुलं क्रिकेट खेळत होती. अप्पांनी भेळ घेतली.

"लाज वाटती व्हय गं, माज्या कामाची?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, तब्येत विचारावी तसं.

न्हाई म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण त्या दिवसापुरतं माझ्यातलं सगळं खोटं संपलं होतं बहुतेक.

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. कागदातले शेवटचे चुरमुरे तोंडात टाकले, कागदाची गोळी केली.

"मला बी वाटायची की. तिकडं."

"कामाची?"

"कामाची न्हाई. गावाची." ते नदीकडे बघत होते. "पैल्यांदा दुकान घ्याया गेलो तवा अक्कानं इचारलं, तुमच्या गावाकडं काय हाय? आता काय सांगू? कुसळं हायत म्हनून सांगू? म्हनलं, बारा एकर ऊस हाय. नदीकाठाला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "आपल्याकडं नदी कुठाय?"

"अग्रणी हाय की."

"तिला पाणी कुठाय?"

"नदी हाय न्हवं पर? पान्याचं कुनी इचारलं?" ते म्हणाले आणि आधी ते हसले, मग मी. "समदी आळी वळखती मला, उसाचा मालक म्हनून. दर साली जाताना हितनं कराडातनं गुळाची ढेप न्यायची. अक्का वाटती घरोघर, सेटच्या रानातला गूळ म्हनून. वीस वर्सं झाली. आता कसं मोडायचं ते?" हसता हसता त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांचा हात धरला. पिवळी बोटं, टोकाला खरखरीत. ह्या वेळी मीच धरला आणि घरी जाईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगून टाकलं. माझे वडील मिलिटरीत नाहीत, ते सोनं वितळवतात, आणि पडद्यावरचा आवाज माझा होता. मला वाटलं होतं जमीन फाटेल. एकीने विचारलं, "मग तुला सोनं फुकट मिळतं?" दुसरी म्हणाली, "तमिळमध्ये एक शिवी सांग." मैत्रिणीने फक्त आपला डबा माझ्याकडे सरकवला. दोन वर्षं ज्याला घाबरले ते दहा मिनिटांत आटोपलं, आणि गणिताचा तास सुरू झाला.

मे महिन्यात अप्पांबरोबर मी कारैकुडीला गेले. ढेप मांडीवर घेऊन, सगळा प्रवास. बोळात शिरलो तेव्हा अक्का ओट्यावरच होती. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, किती उंच झालीस म्हणाली, गुळाचा खडा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटून चव घेतली. मग तिने तमिळमध्ये विचारलं, "काय गं, तुमचा ऊस कसा आहे यंदा?"

अप्पा दुकानाचं कुलूप काढत होते. किल्ली कुलपात तशीच थांबली. ते वळले नाहीत.

"करुंबु रोम्ब नल्ला वन्दिरुक्कु, अक्का," मी म्हटलं. ऊस फार छान आलाय.

"आणि नदीला पाणी?"

"काठोकाठ," मी म्हटलं. "आमच्या बांधापर्यंत येतं."

कुलूप उघडल्याचा आवाज आला. अप्पा आत गेले आणि अंधारात भट्टीपाशी पाठमोरे उभे राहून, काही काम नसताना, उगीच मुशी पुसत राहिले.